आईला दहापैकी चार

मॅडमनी माझ्या मुलीच्या वहीवर पहिली लाल फुली मारली, ती माझ्या अक्षरावर. कोरोनात शाळा बंद होऊन तीन महिने झाले होते, पोरं घरातच होती, आणि तिसरीच्या वर्गाला 'माझा आवडता पक्षी' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. वैष्णवी लिहायला तयार नव्हती, नुसती रडत होती. केळी कापायला आलेल्या माणसांच्या भाकरी तव्यावर होत्या. मी तिची वही ओढली, मुद्दाम वेडंवाकडं अक्षर काढून मोरावर दहा ओळी खरडल्या, फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिला. दहा मिनिटांत तो फोटो परत आला. मॅडम फोनच्या पडद्यावरच बोटानं लाल रेघा ओढून वह्या तपासायच्या. माझा मोर लाल झाला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हे अक्षर वैष्णवीचे नाही. आईला दहापैकी चार. वैष्णवीने आता स्वतः लिहावे.'

ग्रुपवर बावीस घरं होती. दुपारी पिठाच्या गिरणीवर गेले तर गिरणीवाली हसतच म्हणाली, "काय वं, नापास व्हयनी का?" मी शहाद्याला बारावीपर्यंत शिकलेली. कॉलेजात हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेलं. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले तेव्हा सासूबाई चारचौघींना सांगायच्या, मन्ही सूननं अक्षर मोतीसारखं शे. त्या मोत्यांना त्या बाईनं चार गुण दिले होते. घरी येऊन मी फोटो पुन्हा उघडला. 'पिसारा' मी तिन्ही वेळा चुकीचा लिहिला होता. तेव्हापासून मी त्यांचा द्वेष करू लागले, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

मॅडम मूळच्या सातपुड्यातल्या, अक्कलकुव्याच्या वरच्या एका पाड्यावरच्या. आश्रमशाळेत शिकून मोठ्या झालेल्या. राहायच्या तळोद्याला भाड्याच्या खोलीत आणि रोज स्कूटीवर आमच्या गावात यायच्या. बुटक्या, काटक, आवाज घोगरा. त्यांची मराठी मात्र पुस्तकातल्यासारखी शुद्ध. आमच्याकडे घरात सगळे अहिराणी बोलतात, मराठी शाळेत आणि कचेरीत. एकदा पालकसभेत कोणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्ही डोंगरातल्या असून इतकं चांगलं मराठी कसं बोलता? त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं. "तुम्हीही ती शाळेतच शिकलात, मीही शाळेतच शिकले," त्या म्हणाल्या. "मी छड्या खाऊन शिकले, एवढंच." माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, शाळेच्या समितीवर होते. घरी येताना ते म्हणाले, "हाई बाई भू तोंडनी शे." म्हणजे फार तोंडाळ.

कौतुक करणं त्यांना ठाऊकच नसावं असं मला वाटायचं. पोरानं बरोबर उत्तर दिलं की त्या म्हणायच्या, "पुढे." कविता पाठ म्हटली, "पुढे." वैष्णवीनं एकदा सतराचा पाढा न अडखळता म्हटला आणि शाबासकीसाठी फोनकडे बघत राहिली. "पुढे. अठराचा." मी मनात म्हटलं, दगड आहे ही बाई.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस मला सांगावा लागेल, सांगू नये असं वाटत असलं तरी. लॉकडाऊन जरा सैल झालं होतं आणि त्या दारोदार फिरून पुस्तकं वाटत होत्या. ओसरीवर उभ्या राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "मॅडमले चहा कर वं." मी आत वळले. दाराशेजारच्या कोनाड्यात दोन कप कायम उपडे ठेवलेले असायचे, शेतातल्या मजुरांसाठी. स्वयंपाकघरातले कप वेगळे. माझा हात त्या कोनाड्याकडे गेला. मी विचार करून काही केलं नाही, हात आपोआप गेला. मागून घोगरा आवाज आला, "राहू द्या, वैष्णवीच्या आई. तुमचा हात कुठे गेला ते मी पाहिलं." पुस्तकं ओसरीवर ठेवून त्या निघून गेल्या. मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. आपल्याच घरात आपल्याला कोणी पकडावं, याचा राग.

सकाळी सात वाजता त्यांचा फोन यायचा. रोज. "वैष्णवी उठली? वही काढली?" नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी फोन उचलला नाही तर त्या यांच्या फोनवर करायच्या, हे शेतात असले तर आबांच्या. आबा चिडून फोन माझ्या हातात द्यायचे. "शाळा बंद शे ना? मंग हाई बाई कसाले उठाडस?" मी एकदा हे मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "शाळेला कुलूप आहे. मुलीच्या डोक्याला लावायचं का? सांगा, लावते." आणि लगेच म्हणाल्या, "वहीचं पान अकरा काढायला सांगा."

खरं भांडण पेटलं ते ओट्यावरून. आमच्या केळीत काम करणारी भिल्ल कुटुंबं गावाच्या टोकाला झोपड्या करून राहतात. त्यांची चार मुलं वैष्णवीच्या वर्गात होती. त्यांच्यापैकी कोणाकडेच मोठा फोन नव्हता. एका सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले तर मॅडम आमच्या ओट्यावर खडूनं गोल काढत होत्या. एकमेकांपासून लांब लांब, पाच गोल.

"हे काय चाललंय?"

"एक वैष्णवीचा. चार त्या मुलांचे. तुमचा ओटा मोठा आहे."

आबा बाहेर आले. मग जे बोलणं झालं ते सगळं मी लिहिणार नाही. आबांचं शेवटचं वाक्य होतं, "मन्हा ओटा शे, धर्मशाया नही." मॅडमनी खडू पर्समध्ये टाकला. "ओटा तुमचा. रस्ता सरकारचा," त्या म्हणाल्या आणि समोर गेल्या. आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याखाली त्यांनी चार गोल काढले. दुसऱ्या दिवसापासून वैष्णवी ओट्यावर, ती चार पोरं लिंबाखाली आणि मध्ये रस्त्यावर उन्हात मॅडम, असा वर्ग भरू लागला. ट्रॅक्टर आला की त्या बाजूला व्हायच्या, गेला की पुन्हा मधोमध. त्या पोरांशी त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मग तेच वाक्य मराठीत, मग फळ्याऐवजी हातातल्या पाटीवर लिहून दोन्हीकडे दाखवायच्या. सासूबाई खिडकीतून बघत म्हणायच्या, "तमाशा मांडी बठनी शे." मी मान हलवायचे.

ज्या दिवशी त्यांना येता यायचं नाही, तळोद्याच्या रस्त्यावर अडवलं जायचं, त्या दिवशी दहा वाजता फोनवर लिंक यायची. त्यांनी मला बजावलं होतं, फोन ओट्याच्या कडेला ठेवा, आवाज पूर्ण मोठा, म्हणजे पलीकडच्यांना ऐकू जाईल. सगळ्या गल्लीसमोर नाही म्हणणं मला जमलं नाही. मी फोन ठेवायचे. आणि त्या शिकवायला लागल्या की कोणाचं लक्ष नसताना आवाज निम्मा करून टाकायचे. पलीकडची पोरं माना पुढे काढून ऐकायचा प्रयत्न करायची. त्यांच्यात रमिला नावाची मुलगी होती, आमच्याच मजुराची, सुकलालची. ती कानामागे तळहात धरायची. मला ते दिसत होतं.

एक दिवस वैष्णवी उठली, फोन उचलला, रस्ता ओलांडला आणि रमिलाला खेटून बसली. मी धावत गेले. तिचा दंड धरून ओढली आणि एक ठेवून दिली. "त्या पोरंस्ना जोडे बठस? तुले लाज वाटत नही का? आग लागो त्या शायाले!" वैष्णवी रडली नाही. ती हातातल्या फोनकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोन चालू होता. आमचा माइकही चालू होता. गावातल्या ज्या ज्या घरात वर्ग ऐकत होते, तिथे माझी चापट आणि माझं बोलणं पोचलं होतं. मॅडमनीही ते ऐकलं होतं.

मी वाट बघत होते, आता ती बाई मला फाडून खाईल. मग घोगरा आवाज आला, "नदीला पूर आला. लिहिलं सगळ्यांनी? पुढचं वाक्य."

त्या मला बोलल्या असत्या तर मी भांडले असते. दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला. "वैष्णवी उठली? वही काढली?" बाकी एक शब्द नाही. ते न बोलणं मला सहन होईना. गावात मात्र सगळे बोलत होते. मी ज्या घरात जाईन तिथे बायका एकमेकींकडे बघायच्या. त्यातल्या निम्म्यांनी त्या पोरांना आपल्या ओट्यावर बसू दिलं नसतं, हे मला माहीत होतं. पण बोलताना पकडली गेले होते मी एकटी.

म्हणून आबा जेव्हा म्हणाले, तालुक्याला एक अर्ज टाकू, तुन्हं अक्षर चांगलं शे, तू लिख, तेव्हा मी आनंदानं कागद घेतला. मी लिहिलं, मॅडम गावोगाव फिरतात, मुलांना गोळा करतात, तोंडाला मास्क लावत नाहीत, त्यांच्यामुळे गावात आजाराचा प्रादुर्भाव होईल. मास्कचं साफ खोटं होतं. त्या वर्षभरात मी त्या बाईचं नाक पाहिलं नव्हतं. खाली आबांनी सही केली. अर्ज गेला. मॅडमना नोटीस आली आणि दीड महिना गावात येऊ नका असं सांगण्यात आलं.

नोटीस मिळाली त्याच दिवशी त्या शेवटचं म्हणून आल्या. हेल्मेट काढलं नाही. मी ओट्यावर मिरच्या निवडत होते.

"ऑफिसात मला अर्ज दाखवला," त्या म्हणाल्या.

"कसला अर्ज?"

"सही आबांची आहे. अक्षर तुमचं."

मी मिरच्यांचे देठ खुडत राहिले. वर बघितलं नाही.

"'प्रादुर्भाव' बरोबर लिहिलात," त्या म्हणाल्या. "बहुतेक लोक चुकतात. उद्या सात वाजता फोन करते."

त्यांनी स्कूटी चालू केली आणि गेल्या. मला आठवतं, मी मिरच्यांचा हात डोळ्याला लावला आणि मग बराच वेळ डोळे चोळत बसले. घरात सगळे धरून चालले, मिरचीनं आग होतेय. मीही तसंच सांगितलं.

लिंबाखालचा वर्ग बंद पडला. फोन मात्र येत राहिला, आणि त्यात एक नवीनच गृहपाठ सुरू झाला. "वैष्णवी, पान वीस तुला वाचता येतं. आता दुसऱ्या कोणाला तरी ते वाचायला शिकव. उद्या मला सांग, तो कुठे अडला." दुसरं कोण, हे विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी रमिला आईबरोबर गुरांच्या हौदावर पाणी भरायला यायची. वैष्णवी वही घेऊन हौदाच्या कडेला जाऊन उभी राहायची. मला मनाई करता आली असती. पण तो गृहपाठ होता, आणि मला पुन्हा बावीस घरांसमोर गुण नको होते. मी आतून बघायचे आणि गप्प राहायचे. यात माझा काडीचा चांगुलपणा नव्हता. हौदावर फोन चालू असला तर, या भीतीनं मी गप्प होते.

वर्ष उलटलं, पोरं चौथीत गेली, तरी खालच्या वर्गांची शाळा उघडली नव्हती. मॅडम पुन्हा यायला लागल्या होत्या, लिंबाखाली पुन्हा गोल निघाले होते. दिवाळीनंतर सुकलाल बायको-पोरांना घेऊन गुजरातेत उसाच्या तोडीला जाणार होता. त्याच सुमारास तळोद्याजवळची एक आश्रमशाळा उघडणार असल्याचं कळलं. मॅडमनी त्याला गाठलं आमच्याच अंगणात, तो खताच्या गोण्या उतरवत होता तेव्हा. रमिलाला नेऊ नकोस, आश्रमशाळेत घाल, असं त्या सांगत होत्या. सुकलालनं डोक्याचं फडकं सोडून घाम पुसला.

"मॅडम, वाचता येस का तिले? तिन्हं पुस्तक तिले पाठ व्हयेल शे. ते मी ऐकस रोज." त्यानं खताच्या गोणीवर हात मारला. "हाई वाची दखाड म्हना. वाचता उनं ते ठेवसू, नही ते संगे लई जासू."

वाचता आलं तर राहायचं, नाही तर त्याच्याबरोबर जायचं; रमिला गोणीपुढे उभी राहिली. आबा, सासूबाई, मी, सगळे बघत होतो. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. पहिली ओळ तिनं वाचली. दुसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं आणि ती थांबली. मॅडम काही सांगत नव्हत्या. वैष्णवीनं तोंड उघडलं तर मॅडमनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, ती गप्प झाली. मी गोणीकडे बघत होते आणि माझे ओठ हलत होते, हे मला नंतर कळलं. रमिलानं ते अक्षर तोडलं, पुन्हा जोडलं आणि पूर्ण शब्द वाचला. "थंड, कोरड्या जागी ठेवावे."

"पुढे," मॅडम म्हणाल्या.

तिनं गोणी शेवटपर्यंत वाचली. सुकलालनं ती गोणी उचलून आत ठेवली, मग दुसरी. तिसरी ठेवून आला आणि म्हणाला, "कागद काय काय लागस?"

अर्ज लागत होता. मॅडम माझ्याकडे वळल्या. "वैष्णवीच्या आई, तुम्ही लिहा."

"मी? तुम्ही आहात की."

"माझ्या हातचा कागद सध्या ऑफिसात फार वेळ पडून राहतो," त्या म्हणाल्या. "का, ते तुम्हाला माहीत आहे."

मी आतून कागद आणला. ओट्यावर बसून लिहिला. त्यांनी वाचला, एक काट मारली आणि परत दिला. मी दुसरा लिहिला. त्यात तारीख चुकली होती. तिसरा लिहिला. तो त्यांनी दोनदा वाचला, घडी केली आणि सुकलालचा अंगठा घ्यायला गेल्या. आभार मानले नाहीत. मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती, पण मानले असते तर मला निदान काहीतरी बोलता आलं असतं. काय, ते मला आजही माहीत नाही. आठवड्यानं त्याच स्कूटीवर मागे रमिलाला बसवून त्या तळोद्याकडे गेल्या. तिच्या मांडीवर पत्र्याची पेटी होती.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली, वर, अक्कलकुव्याच्या पलीकडे, त्यांनीच मागून घेतलेली. शेवटच्या दिवशी त्यांनी घराघरात जाऊन मुलांच्या वह्या परत दिल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मी घरातच होते. वही त्यांनी वैष्णवीच्या हातात दिली आणि पायरीवरून परतल्या. मी दाराआड उभी होते. त्यांना ते दिसलं असणार, त्यांना सगळं दिसायचं. मी पुढे झाले नाही. दुसऱ्या दिवशी सातला मला जाग आली आणि फोन वाजला नाही.

गेल्या महिन्यात, एका रविवारी, भाचीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी आम्ही तळोद्याला गेलो होतो. वैष्णवी आता आठवीत आहे. कापडाच्या दुकानातून बाहेर पडल्यावर ती हटूनच बसली, रमिलाला भेटायचं. यांनी दुकानातच थांबतो म्हटलं. आम्ही दोघी रिक्षानं आश्रमशाळेच्या फाटकाशी गेलो. पहारेकरी म्हातारा होता. मी रमिलाचं नाव सांगितलं, तेव्हा त्यानं आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोन? रमिलाले भेटाले दोनच जन येतस. एक तिना बाप, नही ते त्या हासऱ्या मॅडम."

"कोणत्या मॅडम?" मी विचारलं.

"वर डोंगरमातीन येतस ना, जीपवर. महिना मा एक रविवार चुकत नही. बुटक्या शेत." तो स्वतःच हसायला लागला. "उतरन्यात का पोरीस्ना घोयका मा बठतस, आनि मंग काय हासतस! आठेलोंग, फाटकलोंग आवाज येस."

"त्या वेगळ्या असतील," मी म्हटलं. "आमच्या मॅडम हसत नसत."

वैष्णवी फाटकाच्या गजांना धरून आत बघत होती. तिनं मान वळवली नाही.

"त्याच शेत मम्मी," ती म्हणाली. "लिंब खाले त्या रोज हासेत. तू बाहेर दिखनी का चूप व्हई जायेत."